स्वस्त वडापाव कुणाच्या जिवावर?

(‘महागाई आणि कष्टकरी स्त्रिया’ या विषयावरील परिसंवादात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



महागाईवर बोलायचं म्हटलं की आपण रेशन, गॅस, शाळेची फी, दवाखाना यांबद्दल बोलतो. तसं बोलायलाच हवं, आणि माझ्या आधीच्या वक्त्या त्यावर बोलल्याही आहेत. मी मात्र आज एका फार किरकोळ वाटणाऱ्या वस्तूबद्दल बोलणार आहे. ती म्हणजे रस्त्यावरचा वडापाव. विषय ऐकून काही जणी हसल्या. हसायला हरकत नाही. पण आपल्या शहरांत कोणाचं पोट कोणाच्या कष्टांवर भरतं, हे समजून घ्यायला वडापावाइतकं सोपं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

वडापावाचा भाव दोन रुपयांनी वाढला की काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. गाडीवर खडूने लिहिलेली पाटी बदलते आणि लोक चिडतात. “आता वडापावपण परवडत नाही,” “गरिबांनी खायचं काय,” “लूट चालवलीय,” अशी वाक्यं ऐकू येतात. चिडणाऱ्यांत हमाल असतो, घरकामाला जाणारी बाई असते, कॉलेजातली मुलं असतात आणि स्कूटरवरून आलेले पक्क्या नोकरीतले गृहस्थही असतात. हेच गृहस्थ काचेचं दार लोटून आत गेले की दोनशे रुपयांची कॉफी मुकाट्याने घेतात. तोच वडा पाटी लावलेल्या दुकानात तिप्पट भावाने मिळतो, तिथे ‘लूट’ हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. म्हणजे आपला राग नुसत्या किमतीवर नसतो. रस्त्यावरच्या माणसाने भाव वाढवावा, हेच आपल्याला रुचत नाही. रस्त्यावरचं अन्न स्वस्त मिळणं हा आपण आपला हक्क समजतो. तो हक्क कुणाच्या खात्यातून वसूल होतो, हे आपण विचारत नाही.

आज मला तेवढंच विचारायचं आहे.

थोडा इतिहास पाहू. वडापाव १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर सुरू झाला, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. त्याच्याही आधीपासून गिरणगावात कामगारांना जेवू घालण्याचं काम बायका करत होत्या. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष एकेका खोलीत दाटीने राहत. त्यांना दोन वेळचं जेवण महिन्याच्या खात्यावर देणाऱ्या त्या खानावळवाल्या. पहाटे उठायचं, भाकऱ्या थापायच्या, पाळीप्रमाणे डबे भरायचे आणि पगार होईपर्यंत वाण्याची उधारी आपल्या डोक्यावर घ्यायची. या बायकांना कुणी कामगार म्हणत नसे. “घरी बसून चार माणसांचा जास्त स्वयंपाक करते,” एवढीच त्यांची ओळख. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा पहिली लढाई हीच होती: हे काम आहे, ते करणाऱ्या बाईला बँकेने कर्ज दिलं पाहिजे आणि ती ते फेडते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. कामगाराचा पगार थांबला, म्हणजे त्याच्या जेवणाचे पैसेही थांबले. संपाच्या इतिहासात नेत्यांची नावं आहेत, मालकांची आहेत, सरकारची आहेत. पैसे बुडत असतानाही ज्यांनी ताटं वाढली, त्या बायकांचा उल्लेख आला तरी एखाद्या ओळीत येतो.

गिरण्या बंद पडल्या. पक्की नोकरी गेली, महिन्याचं खातं गेलं. माणसं रोजंदारीवर आली आणि उभ्या उभ्या खाऊ लागली. शहरातली गाड्यांची संख्या वाढण्यामागे हेही एक कारण आहे. काम सुटलेल्या घरांनी गाड्या लावल्या आणि पक्कं काम नसलेली माणसं तिथे खाऊ लागली. मात्र गाडी रस्त्यावर आली तरी स्वयंपाक घरातच राहिला. गाडीवर आपल्याला दिसतो तो बहुतेक वेळा पुरुष. कढईपाशी तो, गल्ल्यावर तो. उकडलेले बटाटे सोलणारी, लसूण निवडणारी, सुकी चटणी कुटणारी बाई दिसत नाही, कारण तिचं काम पहाटेच उरकलेलं असतं.

ठाण्याच्या पुढच्या एका स्टेशनजवळ अशी एक गाडी आहे. ती चालवणारं कुटुंब माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. त्या घरातल्या ताईंबरोबर मी एका दुपारी वही घेऊन बसले आणि एका दिवसाचा हिशोब मांडला. हा एका गाडीचा हिशोब आहे, सगळ्या गाड्यांची सरासरी नाही, हे आधी सांगते.

त्यांचे बऱ्या दिवशी २०० वडापाव जातात. एक १५ रुपयांना. म्हणजे गल्ल्यात ३,००० रुपये. आता खर्च. पाव ६०० रुपयांचे. बटाटे, बेसन, तेल, मिरची, लसूण, आलं, कोथिंबीर, चटणीचं खोबरं हे सगळं मिळून १,२५०. गॅस ३००. कागद, पाण्याचे कॅन आणि गाडीचं भाडं मिळून २००. आणि १०० रुपये जागेचे. जागा कुणाची, पैसे कुणाला, पावती कुठे आहे, हे मी विचारलं. ताई म्हणाल्या, “पावती मिळत असती तर कशाला रडले असते?” बेरीज झाली २,४५०. हातात उरले ५५०.

मग मी विचारलं, या ५५० रुपयांसाठी किती तास काम झालं? ताई आधी नवऱ्याचे तास सांगू लागल्या. ते सकाळी सात ते दुपारी बारा आणि संध्याकाळी चार ते आठ गाडीवर उभे असतात. नऊ तास. “आणि तुमचे?” “माझं काय, मी घरीच असते.” तरी मोजायला बसलो. साडेतीनला उठून बटाटे उकडायला लावणं, अकरा-बारा किलो बटाटे सोलून कुस्करणं, फोडणी, गोळे वळणं, चटणी, पीठ भिजवणं, सकाळच्या गर्दीत गाडीवर मदत, दुपारी बाजार, संध्याकाळचं पुन्हा सारण, रात्री कढई, झारे, डबे घासणं. अकरा तास भरले. सासूबाई लसूण सोलतात, मिरच्या निवडतात, गोळे वळायला हात लावतात. त्यांचे तीन. एकूण २३ तास. ५५० भागिले २३. तासाला २४ रुपयेसुद्धा पडत नाहीत. यात घरचा स्वयंपाक, पाणी भरणं, मुलांचं, हे काहीच धरलेलं नाही.

आकडा पाहून ताई म्हणाल्या, “म्हणजे मी धुण्याभांड्याला गेले असते तर बरं की!” आणि लगेच पुढे म्हणाल्या, “पण मग बटाटे कुणी सोलले असते?” या दुसऱ्या वाक्यात सगळं आलं. बटाटे सोलायला माणूस ठेवायचा म्हटलं तर १५ रुपयांत वडापाव देता येणार नाही. तो देता येतो, कारण घरातल्या बाईला पगार द्यावा लागत नाही. आपण जी स्वस्ताई म्हणतो, तिचा एक मोठा हिस्सा म्हणजे या बाईची न दिलेली मजुरी आहे.

हे एका घरापुरतं आहे असं समजू नका. सरकारच्या श्रमबळ सर्वेक्षणात एक रकाना असतो, ‘घरच्या उद्योगातील मदतनीस’. म्हणजे काम करणारी, पण मोबदला न मिळणारी. २०२२-२३च्या सर्वेक्षणात काम करणाऱ्या दर १०० स्त्रियांमागे ३७ हून अधिक या रकान्यात होत्या. शेतीतल्या बायका त्यात बहुसंख्य, हे खरं. पण वडापावाच्या गाडीमागची बाईही त्याच रकान्यात बसते. आणि २०२४च्या वेळवापर सर्वेक्षणाने सांगितलं, की घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची २८९ मिनिटं त्यात जातात, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. ताईंच्या अकरा तासांवर ही मिनिटं ठेवा आणि ती बाई झोपते कधी, ते तुम्हीच मोजा.

आता भाव का वाढतो ते पाहू. गाडीवाला मनात आलं म्हणून वाढवतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्याच्या हातात फार थोडं असतं. गाडीवर लागतो तो १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर. घरगुती सिलिंडरवर जीएसटी ५ टक्के आहे, यावर १८ टक्के. त्याचा भाव सहसा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो. १ नोव्हेंबर २०२१ला तो एका दिवसात २६६ रुपयांनी वाढला आणि मे २०२२मध्ये दिल्लीत २,३०० च्या वर गेला. पुढे उतरला, पुन्हा चढला. पंचतारांकित हॉटेललाही हाच सिलिंडर आणि ताईंच्या गाडीलाही हाच. हॉटेल तो खर्च बिलात घालतं. ताई तो खर्च आपल्या ५५० मधून काढतात.

तेलाचं तसंच. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के आणि शुद्ध केलेल्या तेलावर ३२.५ टक्के मूळ आयात शुल्क लावलं. तेलबिया पिकवणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळावा, हे त्यामागचं कारण. सोयाबीनवाल्या शेतकरी कुटुंबांतल्या बायका इथे बसल्या आहेत, त्यांना भाव मिळालाच पाहिजे. पण त्याचा भार तळणीच्या कढईवर आला. मे २०२५मध्ये कच्च्या तेलावरचं शुल्क १० टक्क्यांवर आणलं. पावाचंही ऐका. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवा स्वच्छ व्हायला हवी. धूर भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्याच छातीत आधी जातो. पण भट्टी बदलण्याचा खर्च शेवटी लादीच्या भावात येतो.

या तिन्ही गोष्टींत कुणा ना कुणाचं काहीतरी रास्त म्हणणं आहे. पण प्रत्येक वेळी वाढलेला खर्च उताराला लागलेल्या पाण्यासारखा खाली येतो आणि ज्या घराला तो पुढे ढकलता येत नाही, तिथे येऊन साचतो. गाडीवाला भाव वाढवायला घाबरतो, कारण पलीकडच्या गाडीवर गिऱ्हाईक जाईल. मग तो काय करतो? पाव आणणारं पोर कमी करतो, ते काम बायकोकडे येतं. विकतची चटणी बंद करतो, बायको घरी कुटते. भाव तोच राहतो आणि बाईचा दिवस अर्ध्या तासाने लांबतो. महागाईचा निर्देशांक काढणाऱ्यांना हा अर्धा तास कधीच दिसत नाही. त्यांच्या कागदावर वडापावाचा भाव स्थिर असतो.

कुणी म्हणेल, “अहो, गाडीवाले लाखोंनी कमावतात.” अशा बातम्या, असे व्हिडिओ मीही पाहिले आहेत. मोठ्या स्टेशनबाहेरची, नाव झालेली एखादी गाडी चांगली कमावत असेलही. पण या बातम्यांत बहुधा गल्ला आणि नफा यांची सरमिसळ असते. ताईंच्या गल्ल्यात महिन्याला ७५ हजार जमा होतात, असं कुणीही म्हणू शकेल. वही उघडल्याशिवाय त्यातले पावणेचौदा हजारच घरात राहतात आणि ते तीन माणसांचे आहेत, हे कळत नाही. पावसाने गाडी लागली नाही, सारण उरलं, गाडी उचलून नेली, तर तेवढेही नाहीत.

आता दुसरी बाजू. ती टाळून मला पुढे जायचं नाही. जे लोक हे अन्न खातात, त्यांचं काय? समजा ताईंनी भाव १५ चा १७ केला. २०० वडापावांमागे ४०० रुपये जास्त आले. ५५० चे ९५० झाले. तासाला २४ ऐवजी ४१ रुपये पडले. दोन रुपयांनी एवढा फरक पडतो! पण पलीकडे उभी आहे चार घरची धुणीभांडी करणारी बाई. ती सकाळी एक आणि दुपारी एक वडापाव खाते, कारण मधल्या वेळात घरी जाऊन जेवायला तिला सवड नाही. महिन्याचे २५ दिवस धरले तर तिचा खर्च १०० रुपयांनी वाढला. तिच्या मालकिणीने तिचा पगार तेवढा वाढवला का? बहुधा नाही. मग ती दुपारचा वडापाव सोडते आणि चहावर भागवते. आपल्याकडे अशक्तपणाने चक्कर येणाऱ्या बायका काही कमी नाहीत.

म्हणजे एक कष्टकरी बाई दुसऱ्या कष्टकरी बाईसमोर दोन रुपयांसाठी उभी केली जाते. विकणारीला वाटतं खाणारी चिकट आहे, खाणारीला वाटतं विकणारी लुटते. दोघींनाही ज्यांनी या कोंडीत आणलं, ते या भांडणात कुठेच नसतात. ही गोष्ट चळवळीतल्या आपण सगळ्यांनी नीट ध्यानात घेतली पाहिजे. “भाववाढ रद्द करा” ही आपली जुनी घोषणा. लाटणं घेऊन आपण रस्त्यावर उतरलो आहोत, आणि ते योग्यच होतं. पण वाण्याच्या साठेबाजीविरुद्ध जी घोषणा चालते, ती ताईंच्या गाडीपुढे तशीच चालत नाही. तिथे आधी विचारावं लागतं, की हा भाव कमी ठेवण्याची किंमत कोण मोजतंय.

सरकारने स्वस्त अन्नाचे प्रयोग केले नाहीत असं नाही. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली. एक रुपयात भाकरी मिळते, याचं केवढं कौतुक झालं! ती भाकरी थापणाऱ्या बाईला काय मिळतं, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. पुढे अनेक केंद्रांवर झुणका-भाकर मागे पडून दुसरेच पदार्थ विकले जाऊ लागले, आणि २००० साली योजना बंद झाली. २६ जानेवारी २०२०ला शिवभोजन थाळी आली. थाळी खाणाऱ्याला १० रुपयांना. पण सरकारने तिची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली आणि मधला फरक अनुदान म्हणून देण्याचं ठरवलं. टाळेबंदीत ती थाळी ५ रुपयांना आणि २०२१च्या निर्बंधांत काही काळ फुकटही दिली गेली. या योजनेचं मला एक महत्त्व वाटतं. साधं जेवण १० रुपयांत बनत नाही, ते स्वस्त हवं असेल तर कुणीतरी फरक भरावा लागतो, हे सरकारने स्वतःच लेखी कबूल केलं. पण २०२५मध्ये अनुदानाची बिलं महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी केंद्रचालकांनी केल्या. म्हणजे फरक पुन्हा स्वयंपाक करणाऱ्याच्या अंगावर. गिरणगावातल्या खानावळवालीची उधारी आणि ही उधारी यांत मला फार अंतर दिसत नाही.

आणि कायदा? पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली कायदा झाला. इला भट्ट यांच्या ‘सेवा’ने अहमदाबादच्या विक्रेत्या बायकांबरोबर वर्षानुवर्षं केलेलं काम आणि देशभरच्या फेरीवाला संघटनांचे लढे त्यामागे आहेत. कायदा चांगला आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवू नये असं तो म्हणतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत आणि त्यांतल्या एकतृतीयांश स्त्रिया हव्यात असंही म्हणतो. पण मुंबईत २०१४च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले, आणि समितीच्या निवडणुकीसाठी मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडलं. तेव्हा मतदार यादीत सुमारे ३२ हजारच नावं होती. बाकीचे रोज विकतात, रोज भितात. ताईंच्या हिशोबातल्या बिनपावतीच्या १०० रुपयांचा उगम इथे आहे. माणसाला बेकायदा ठेवलं की त्याच्याकडून पैसे काढता येतात.

याच कायद्यातली आणखी एक गोष्ट पाहा. प्रमाणपत्र एका व्यक्तीच्या नावे. ती व्यक्ती मरण पावली, कायमची अपंग झाली किंवा आजारी पडली, तर तिच्या जागी पती किंवा पत्नीला पहिला हक्क. चांगलीच तरतूद आहे, विधवेला आधार मिळतो. पण यात गृहीत काय धरलं आहे? कागदावर विक्रेता नवरा, आणि बायको त्याची वारस. जिने साडेतीनला उठून सगळा माल तयार केला, ती नवरा धडधाकट असेपर्यंत कुणीच नाही. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण लढलो. गाडीच्या प्रमाणपत्रावर दोघांची नावं का नसावीत?

जागेच्या बाबतीत आपल्या समाजाचं वागणं तर फारच विचित्र आहे. सप्टेंबर २०१७मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरांत फेरीवाले नकोत असं सांगितलं. पूल अरुंद ठेवणाऱ्यांपेक्षा फेरीवाल्यांवर त्या दिवसांत जास्त राग निघाला. गर्दीत वाट मोकळी हवी, हे मलाही मान्य आहे. पण आपल्याला वडापाव गाडी पकडता पकडता हवा, स्टेशनबाहेरच हवा, आणि विकणारा मात्र तिथे नको! तो स्वस्त हवा, आणि त्याला जागा द्यायची नाही, नळ द्यायचा नाही, कचऱ्याचा डबा द्यायचा नाही, मग वर म्हणायचं, “फार घाण असते हो तिथे.” पाण्याचा कॅन विकत आणून भांडी धुणारी बाई पाणी जपूनच वापरणार. आणि जवळ स्वच्छतागृह नाही म्हणून ती स्वतः दिवसभर पाणीच पीत नाही. मुतारीच्या हक्कासाठी मुंबईत २०११मध्ये ‘राइट टू पी’ आंदोलन उभं राहिलं, तेव्हा काही जणांनी नाकं मुरडली होती. गाडीवरच्या बायकांना विचारा, त्या मागणीत हसण्यासारखं काय होतं.

जाता जाता खाणाऱ्या बाईबद्दलही एक सांगते. पुरुषाने गाडीवर उभं राहून खाल्लं तर तो कामाचा माणूस. बाईने खाल्लं तर तिचं घराकडे लक्ष नाही, तिला आयतं हवं, जिभेचे चोचले. संध्याकाळी नोकरीवरून परतताना मुलांसाठी चार वडापाव बांधून नेणारी बाई मनातून ओशाळलेली असते. का ओशाळावं? त्या चार वड्यांनी तिचा एक तास वाचतो. फक्त तिने एवढं लक्षात ठेवावं, की तिचा वाचलेला तास दुसऱ्या बाईने पहाटे दिलेला आहे. त्याची रास्त किंमत दिली तर त्यात कुणाचंच ओशाळणं नाही.

मग करायचं काय? नुसती हळहळ नको. ताईंच्या वहीकडेच पुन्हा पाहू. रीतसर प्रमाणपत्र मिळून ते १०० रुपये थांबले आणि गाडीच्या सिलिंडरवर घरच्याइतकाच ५ टक्के कर लागला, तर दिवसाला सुमारे १३३ रुपये वाचतात. तासाला २४ चे जवळपास ३० होतात, तेही वडापावाचा भाव एका पैशाने न वाढवता. म्हणजे पहिली मागणी गिऱ्हाइकाकडे नाही, सरकारकडे आहे: जागा, पावती, पाणी, स्वच्छतागृह आणि छोट्या गाडीला परवडणारा गॅस. दुसरी मागणी: प्रमाणपत्रावर आणि कर्जाच्या कागदावर घरातल्या बाईचंही नाव. तिसरी: घरकामगार आणि रोजंदारीवरच्या बायकांचं वेतन महागाईबरोबर वाढलं पाहिजे. आपण इथे बसलेल्या अनेक जणींच्या घरी बाई कामाला येते. वडापाव दोन रुपयांनी वाढला तर तिच्या पगारात महिन्याला १०० रुपये वाढवणं आपल्या हातात आहे.

आणि एवढं करूनही ३० रुपये तास ही काही मजुरी नव्हे. म्हणून भावही थोडा वाढावा लागेल, हे स्पष्ट बोलायला आपण कचरू नये. ज्यांना परवडतं, त्यांनी तरी तो कुरकुर न करता द्यावा.

शेवटची गोष्ट घरातली आहे. ताईंचा हिशोब मांडत असताना त्यांचे यजमान शेजारी बसून ऐकत होते. अकरा तासांचा आकडा त्यांनी स्वतः पुन्हा मोजला. तो चुकला नव्हता. ते काही बोलले नाहीत, मीही त्यांना उपदेश केला नाही. पण तुमच्या वस्तीत, तुमच्या गटात खाण्याचे पदार्थ विकणारी घरं असतील, तर हा हिशोब सगळ्यांना समोर बसवून मांडा. आधी तास लिहा, मग पैसे. सोलण्याचे, निवडण्याचे, वळण्याचे, घासण्याचे तास वेगवेगळे लिहा. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या. दहा वस्त्यांतल्या शंभर वह्या जमल्या, तर त्या घेऊन आपल्याला समितीपुढेही जाता येईल आणि पालिकेतही. तिथे कुणी “बायका गाडीवर कुठे असतात?” असं विचारलं, तर उत्तर आपल्या हातात लिहिलेलं असेल.